‘स्मार्ट’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात संध्याकाळी साडेसात ते नऊ मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांतून ट्रान्स हार्बर लोकलने परतणारी मुलं-मुली, गोखले रोडवरचे दुकानदार, पालकसभेत इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून धास्तावलेल्या आया. वर्ग संपतो, पण प्रश्न संपत नाहीत. ते रात्री फोनवर येत राहतात. त्यांत एका शब्दावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि तो शब्द अवघड मुळीच नाही. माहीत नसलेला शब्द माणूस शब्दकोशात बघतो. माहीत असलेला बघत नाही आणि तिथेच फसतो. ‘स्मार्ट’ हा तसा शब्द. तीच तीच उत्तरं पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न शक्यतो ज्यांचे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. मॅडम, ‘स्मार्ट’चा मराठीत एका शब्दात अर्थ सांगा ना.

एका शब्दात सांगितला तर निम्म्या वेळा चुकेल. आधी त्याच्या शेजारचं नाम बघा. ‘स्मार्ट क्वेश्चन’ म्हणजे डोकं चालवून विचारलेला, नेमका प्रश्न. ‘स्मार्ट शूज’ म्हणजे पॉलिश केलेले, लग्नाकार्याला चालतील असे बूट; बुटांना अक्कल नसते. ‘स्मार्ट मीटर’ म्हणजे आकडा स्वतःच कळवणारं मीटर. आणि ‘स्मार्ट रिमार्क’ म्हणजे बहुतेक वेळा आगाऊ शेरा. नाम बदललं की मराठी शब्द बदलतो.

खरी पंचाईत माणसाच्या बाबतीत होते. ‘ही इज स्मार्ट’ यात नाम काहीच सांगत नाही. तिथे बोलणारा कुठला हे बघावं लागतं. ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. हा शब्द आला कुठून? आधीपासून हुशार असाच अर्थ होता का?

नाही. मुळात तो दुखण्याचा शब्द आहे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत तो झोंबणाऱ्या, चरचरणाऱ्या वेदनेसाठी वापरत. जर्मन भाषेत वेदनेला आजही ‘श्मेर्त्स’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊबंद. फटका ‘स्मार्ट’ असायचा, जखम ‘स्मार्ट’ असायची. मग फटक्यातला जोर आणि झटका तेवढा उरला आणि शब्द चपळ माणसाला चिकटला. चपळ हातापायांवरून तो चपळ डोक्यावर गेला. अठराव्या शतकात तो कपड्यांवर येऊन बसला आणि ‘टापटीप, झोकदार’ असाही अर्थ रुळला. यंत्रं फार नंतरची.

वर्गात हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘काहीही काय, दुखणं आणि हुशारीचा काय संबंध?’ तेव्हा मी मराठीकडेच बोट दाखवते. कांदा चिरताना डोळे चुणचुणतात आणि शेजारचं मूल चुणचुणीत असतं. खरचटल्यावर औषध लावलं की चुरचुरतं आणि नाटकातले संवाद चुरचुरीत असतात. मिरची तिखट असते आणि आजीचे कानही तिखट असतात. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वाट धरली: जे टोचतं, तेच तल्लख.

म्हणूनच ‘स्मार्ट’च्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला ‘चुणचुणीत’ वाटतो. अडचण एवढीच, की तो आपण लहान मुलांसाठी राखून ठेवला आहे. पन्नाशीतल्या मॅनेजरला चुणचुणीत म्हटलं तर तो रजा मंजूर करणार नाही.

३. ‘माय आइज आर स्मार्टिंग’ असं वाचलं. डोळे हुशार कसे होतील?

होत नाहीत, ते चुरचुरतात. प्रश्न २ मधला जुना अर्थ क्रियापदात अजून जिवंत आहे. स्मार्ट, स्मार्टेड, स्मार्टिंग अशी त्याची रूपं. धुराने डोळे, खरचटलेल्या जागी साबण लागला की त्वचा, आणि मामलेदारची तिखट मिसळ खाल्ली की जीभ, हे सगळं ‘स्मार्ट’ करतं. ‘माय टंग इज स्टिल स्मार्टिंग’ हे वाक्य ठाणेकराइतकं अनुभवाने कोणी म्हणू शकणार नाही.

मनाला झोंबलेल्या गोष्टीलाही तेच क्रियापद चालतं. ‘ही इज स्टिल स्मार्टिंग फ्रॉम द डिफीट’ म्हणजे पराभव त्याच्या अजून जिव्हारी लागलेला आहे. क्रिकेटच्या इंग्रजी बातम्यांत हे वारंवार दिसतं आणि घाईने वाचणारे ‘हरला तरी स्मार्ट आहे’ असा अर्थ लावतात.

४. ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं हा शब्द वेगळा वापरतात म्हणे. किती वेगळा?

गोत्यात आणण्याइतका वेगळा. अमेरिकन माणूस एखाद्याला ‘स्मार्ट’ म्हणतो तेव्हा तो बुद्धीबद्दल बोलत असतो. कपड्यांचा विचार त्याच्या मनातही नसतो. इंग्लंडमधल्या माणसाने ‘यू लुक स्मार्ट’ म्हटलं तर त्याने तुमची इस्त्री पाहिलेली असते. बुद्धीसाठी त्याच्याकडे ‘क्लेव्हर’ हा शब्द आहे. अमेरिकन अर्थ आता ब्रिटनमध्येही सर्रास चालतो, त्यामुळे तिथे दोन्ही ऐकू येतात. पण ‘लुक’ हे क्रियापद आलं की कपडे आणि ‘इज’ आलं की बहुधा डोकं, एवढी खूणगाठ पुरते.

आपल्या मराठी कानाला तिसराच अर्थ ऐकू येतो: दिसायला बरा, चटपटीत, राहणीमान आधुनिक. हा अर्थ घेऊन आपण इंग्रजीत शिरलो की घोटाळा होतो. वर्गातला एक मुलगा ऐरोलीत काम करायचा. नवा टीम लीडर कसा आहे, असं अमेरिकन क्लायंटने फोनवर विचारलं. मुलाला म्हणायचं होतं की माणूस साधा आहे, छानछोकी नाही, पण कामाला पक्का. तो म्हणाला, ‘ही इज नॉट सो स्मार्ट, बट व्हेरी गुड.’ पलीकडे शांतता. त्या शांततेचं कारण त्याला दोन दिवसांनी माझ्या वर्गात कळलं. त्याने आपल्या टीम लीडरला क्लायंटपुढे मठ्ठ ठरवलं होतं.

साधा माणूस म्हणायचा असेल तर ‘सिंपल’ही टाळा, कारण इंग्रजीत माणसाला ‘सिंपल’ म्हणणं कधी कधी त्याच खड्ड्यात पाडतं. ‘अनअझ्युमिंग’ किंवा ‘डाउन टू अर्थ’ म्हणा.

५. मुलीच्या बायोडेटात ‘सावळी, स्मार्ट’ असं लिहिलं आहे. इंग्रजी बायोडेटात तसंच ठेवू का?

हा प्रश्न दर तुळशीच्या लग्नानंतर येतोच. म्हणून जरा सविस्तर.

मराठी स्थळांच्या भाषेत ‘स्मार्ट’ हा एक सांकेतिक शब्द आहे. ‘गोरी, सुंदर’ लिहिता येत नाही तिथे ‘सावळी, स्मार्ट’ येतं. त्या दोन शब्दांमधला ‘पण’ छापलेला नसतो, तरी सगळे वाचतात. मुलाच्या बाबतीत ‘उंच, स्मार्ट’ म्हणजे नाकीडोळी नीटस, देखणा म्हणवेल इतका नाही. वाचणारी काकू आणि लिहिणारी मावशी दोघींना संकेत ठाऊक असतो म्हणून निभावतं. माझं मत विचाराल तर हा संकेत मोडायलाच हवा. रंगाची भरपाई म्हणून एखाद्या मुलीच्या नावापुढे विशेषण जोडणं मला पटत नाही आणि ज्या मुलींचे बायोडेटा माझ्याकडे तपासायला येतात, त्यांतल्या निम्म्यांना तरी ते पटत नाही. ते लिहिलेलं असतं आईने.

आता भाषेचा मुद्दा. मुलगा न्यू जर्सीत वाढलेला असेल तर तो ‘स्मार्ट’ वाचून मुलगी बुद्धिमान आहे असं समजेल. ते खरं असेल तर उत्तमच, पण तुम्हाला सांगायचं होतं दुसरंच. शिवाय कोणी स्वतःबद्दल ‘आय अ‍ॅम स्मार्ट’ लिहिलं की इंग्रजीत ती बढाई वाटते. त्यापेक्षा मुलगी काय करते ते लिहा: कुठे शिकली, काय काम करते, रविवारी येऊरला चालायला जाते का, गाते का. विशेषण वाचणाऱ्याला लावू द्या. नोकरीच्या अर्जालाही हेच लागू आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

६. मग कोणाच्या दिसण्याचं कौतुक करायचं असेल तर ‘स्मार्ट’ म्हणायचंच नाही का?

कपड्यांचं कौतुक असेल तर म्हणा. नवा ब्लेझर घातलेल्या सहकाऱ्याला ‘यू लुक स्मार्ट टुडे’ हे ब्रिटिश वळणाचं चांगलं वाक्य आहे. त्यात नीटनेटकेपणा आहे, सौंदर्य नाही. पैठणी नेसलेल्या बाईला मात्र ‘स्मार्ट’ कमी पडतो. तिथे ‘एलिगंट’ बरा. चेहऱ्यामोहऱ्यासाठी ‘गुड लुकिंग’ आहे, ‘हँडसम’ आहे. ऑफिसात मात्र चेहऱ्यामोहऱ्याच्या वाटेला न जाणं बरं. ‘दॅट वॉज अ स्मार्ट सजेशन’ म्हणा, सगळ्यांना चालतं.

७. हुशार म्हणजे स्मार्ट, क्लेव्हर, इंटेलिजंट की ब्राइट? चारही एकच आहेत ना?

मराठी ‘हुशार’ खूप पोटं असलेला शब्द आहे. वर्गात पहिला येणारा हुशार, भाव करून दहा रुपये कमी करून घेणाराही हुशार, आणि ‘मोठा हुशार लागून गेलास’ म्हटलं की तोच शब्द चपराक होतो. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत.

शाळेतल्या, अजून घडत असलेल्या मुलाला ‘ब्राइट’ म्हणतात. शिक्षकांच्या शेऱ्यात हा शब्द दिसला तर निश्चिंत व्हा. ‘इंटेलिजंट’ म्हणजे उपजत बौद्धिक क्षमता. शब्द जरा औपचारिक आहे, प्राण्यांनाही चालतो. ‘क्लेव्हर’ म्हणजे युक्तिबाज, चतुर. ब्रिटिश तोंडी तो सरळ कौतुकाचा असू शकतो, पण अमेरिकेत त्यात चलाखीची छटा येते. ‘स्मार्ट’मध्ये व्यवहार आहे: परिस्थिती बघून योग्य पाऊल टाकणारा. इंटेलिजंट माणूस गणित सोडवतो. स्मार्ट माणूस आधी विचारतो की हे गणित सोडवायची गरज आहे का.

रस्त्यावरचं शहाणपण वेगळं. पुस्तकी अभ्यास नसेल, पण ठाणे स्टेशनवर नेमक्या कुठल्या डब्याला कुठे उभं राहिलं की आत शिरता येतं हे ज्याला कळतं, तो ‘स्ट्रीट स्मार्ट’. ब्रिटिश त्याला ‘स्ट्रीटवाइज’ म्हणतात. त्याच्या उलट ‘बुक स्मार्ट’. तो शब्द वरवर स्तुती असला तरी पुढे ‘पण’ येणार हे धरून चाला.

८. ‘ओव्हरस्मार्ट’ हा शब्द इंग्रजांना कळतो का?

अंदाजाने कळेल, पण तो आपला आहे. भारतीय इंग्रजीत आणि मराठीत तो इतका मुरला आहे की इंग्रजांनीच दिला असावा असं वाटतं. मराठीत त्याला दीडशहाणा, अतिशहाणा, शिष्ट असे घरचे पर्याय आहेत आणि ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण तर आहेच.

इंग्रजीतले पर्याय हवे असतील तर ब्रिटिश ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणतात. शब्दशः अर्ध्याने जास्त शहाणा, म्हणजे आपला दीडशहाणाच. हिशोब अगदी तंतोतंत जुळतो, हे मला दर वर्षी नव्याने गंमतीचं वाटतं. अमेरिकेत ‘स्मार्ट अ‍ॅलेक’ चालतो. तो एकोणिसाव्या शतकातला शब्द आहे आणि प्रत्येक गोष्टीवर खोचक बोलणाऱ्या, सगळं मलाच कळतं असं दाखवणाऱ्या माणसाला लावतात. लहान मुलाला लाडात ‘स्मार्टी पँट्स’ म्हणतात. मोठ्याला म्हटलं तर लाड उरत नाही.

‘आउटस्मार्ट’ हा वेगळा शब्द आहे, गल्लत करू नका. ते क्रियापद आहे: एखाद्याला डोक्याने मात देणं. ‘शी आउटस्मार्टेड हिम’ म्हणजे तिने त्याच्यावर कुरघोडी केली.

९. रेझ्युमेमध्ये ‘आय अ‍ॅम स्मार्ट अँड हार्डवर्किंग’ लिहिलं तर चालेल?

नका लिहू. व्याकरणाची चूक नाही, पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दहापैकी सात रेझ्युमेंत हेच वाक्य असतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते दिसेनासं झालेलं आहे. दुसरं म्हणजे ‘स्मार्ट’ हे दुसऱ्याने द्यायचं प्रमाणपत्र आहे. स्वतःच स्वतःला दिलं की अमेरिकन वाचणारा हसतो आणि ब्रिटिश वाचणारा ‘कपडे नीट घालतो, बरं’ असं म्हणतो.

त्याऐवजी पुरावा द्या. ‘स्टोअरमधला माल मोजायची पद्धत बदलली, तीन दिवसांचं काम एका दिवसावर आलं’ हे तुम्ही खरोखर केलं असेल तर तेच लिहा. स्मार्ट कोण ते त्यांना आपोआप कळतं. शिफारसपत्र लिहिणाऱ्या वरिष्ठांनाही सांगते: नुसतं ‘शी इज स्मार्ट’ हे शिफारसपत्रात कोमट लागतं. ‘केपेबल’, ‘रिसोर्सफुल’, ‘क्विक टू लर्न’ यातलं जे खरं असेल ते निवडा.

१०. निमंत्रणावर ‘ड्रेस कोड: स्मार्ट कॅज्युअल’ आहे. म्हणजे काय घालू?

हे प्रश्न ४ मधल्या ब्रिटिश अर्थाचं अपत्य. टाय नको, पण घरून उठून आल्यासारखंही नको. पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट, इस्त्रीची पँट, बंद बूट. गडद, न फाटलेली जीन्स बऱ्याच ठिकाणी चालते. बायकांना कुर्ता, साधी साडी, शर्ट-ट्राउझर यातलं काहीही. चप्पल नको. पावसाळ्यात काय करायचं, असं एकीने विचारलं. बूट पिशवीत घ्या आणि पोचल्यावर बदला, बेलापूरला जाणारे सगळे तेच करतात.

‘स्मार्टन अप’ असं कोणी सांगितलं तर तेही याच घरातलं: जरा नीटनेटके होऊन या.

११. ‘वर्क स्मार्ट’ बरोबर की ‘वर्क स्मार्टली’? क्रियापदानंतर क्रियाविशेषण हवं ना?

नियमाने हवं. पण ‘वर्क स्मार्ट’ ही रूढ झालेली रचना आहे, तशीच ठेवा. ‘वर्क स्मार्टर, नॉट हार्डर’ यातही तेच. ‘स्मार्टली’चा स्वभाव जरा वेगळा आहे: तो बहुधा कपड्यांसाठी किंवा झटक्यासाठी येतो. ‘स्मार्टली ड्रेस्ड’ म्हणजे नीटनेटका पोशाख केलेला. शिपायाने ‘सॅल्यूटेड स्मार्टली’ म्हणजे कडक सॅल्यूट ठोकला.

‘यू आर लुकिंग स्मार्टली’ हे मात्र कधीच नाही. ‘लुक’ इथे ‘दिसणं’ आहे, ‘बघणं’ नाही. त्याच्यामागे विशेषणच येतं.

१२. ‘मोर स्मार्ट’ म्हणू की ‘स्मार्टर’? आणि ‘स्मार्ट इन मॅथ्स’ चालतं का?

स्मार्ट, स्मार्टर, स्मार्टेस्ट. एका अक्षरावयवाचं विशेषण आहे, ‘मोर’ लावायची गरज नाही. ‘मोर स्मार्टर’ तर दुहेरी चूक.

‘स्मार्ट इन मॅथ्स’ हे मराठी ‘गणितात हुशार’चं थेट रूपांतर आहे. कळतं, पण इंग्रजी कानाला खटकतं. ‘गुड अ‍ॅट मॅथ्स’ म्हणा.

दोन विशेषणं एकत्र आली तर मतवाचक आधी: ‘अ स्मार्ट यंग मॅन’, ‘स्मार्ट ब्लॅक शूज’. ‘ब्लॅक स्मार्ट शूज’ म्हटलं की चालणाऱ्याची पावलं मोजणारे बूट डोळ्यांपुढे येतात.

१३. ‘स्मार्ट ऑफ यू’ आणि ‘स्मार्ट फॉर यू’ यात फरक काय?

पहिलं माणसाबद्दल, दुसरं गोष्टीबद्दल. ‘इट वॉज स्मार्ट ऑफ यू टु लीव्ह अर्ली’ म्हणजे लवकर निघालात, शहाणपणा केलात. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी हे वाक्य पाठच करावं. ‘फॉर यू’ वापरलं की ‘ते तुमच्या दृष्टीने शहाणपणाचं ठरेल’ असा सल्ल्याचा सूर येतो. कौतुक करताना ‘ऑफ’.

सूर मात्र सांभाळा. खोचक आवाजात ‘दॅट वॉज स्मार्ट’ म्हटलं की अर्थ उलटा होतो: ‘वा, काय अक्कल पाजळलीत!’ मराठीत ‘शहाणाच आहेस’ जसं.

१४. स्मार्टफोन, स्मार्ट कार्ड, स्मार्ट मीटर यात स्मार्ट काय आहे?

चिप. वस्तू नुसती पडून न राहता माहिती साठवते, तिच्यावर काही प्रक्रिया करते आणि दुसऱ्या यंत्राशी बोलते, एवढाच अर्थ. साध्या प्लास्टिकच्या कार्डात चिप बसवली की ते ‘स्मार्ट’ झालं. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी त्याचं पेटंट १९७४ मध्ये घेतलं. फोनच्या बाबतीत आयबीएमचा ‘सायमन’ १९९४ मध्ये विक्रीला आला, त्याला आज पहिला स्मार्टफोन मानतात. तो बाजारात आला तेव्हा हा शब्द रुळलेला नव्हता, नाव मागाहून चिकटलं.

या जोडशब्दांत ‘स्मार्ट’ विशेषण म्हणून मोकळं राहिलेलं नसतं. ‘व्हेरी स्मार्ट फोन’ असं म्हणता येत नाही, म्हटलंत तर विनोद होईल. इंग्रजीत ‘स्मार्टफोन’ एकच शब्द, पण ‘स्मार्ट कार्ड’ आणि ‘स्मार्ट मीटर’ सहसा तोडून लिहितात.

स्मार्ट मीटरने बिल वाढतं का, हा प्रश्नही मला तीनदा आला आहे. मी विशेषण शिकवते.

१५. ठाणे ‘स्मार्ट सिटी’ आहे ना? मग ‘ठाणे इज अ स्मार्ट सिटी’ आणि ‘ठाणे इज स्मार्ट’ एकच का?

नाही. केंद्र सरकारचं स्मार्ट सिटी मिशन जून २०१५ मध्ये सुरू झालं, शंभर शहरं निवडायची होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जी २७ शहरांची यादी आली तीत ठाणे होतं. शेजारचं कल्याण-डोंबिवलीही त्याच यादीत. तेव्हा ‘ठाणे इज अ स्मार्ट सिटी’ हे योजनेतल्या निवडीबद्दलचं विधान आहे, तुम्हाला आवडो न आवडो. ‘ठाणे इज स्मार्ट’ हे मत आहे. ते मत तीन हात नाक्यावर सिग्नलला उभं असताना बनवू नका, तलावपाळीवर संध्याकाळी बनवा.

व्याकरणाने बघितलं तर ‘स्मार्ट सिटी’ हे प्रश्न १४ मधल्यासारखं जोडनाम आहे.

१६. एचआरने ‘स्मार्ट गोल्स’ लिहून मागितले आहेत. हुशार ध्येयं म्हणजे काय?

हा शब्दच वेगळा आहे. पाच शब्दांची आद्याक्षरं जोडून मुद्दाम ‘स्मार्ट’ बनवलेलं आहे. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये एका व्यवस्थापनविषयक मासिकात ही कल्पना मांडली. ध्येय नेमकं हवं, मोजता यावं, कोणाकडे सोपवलं ते ठरलेलं असावं, वास्तवाला धरून असावं आणि त्याला मुदत असावी. पुढे लोकांनी मधली अक्षरं आपापल्या सोयीने बदलली, म्हणून तुमच्या फॉर्मवर ‘अचीव्हेबल’ आणि ‘रेलेव्हंट’ दिसेल. ‘इंग्रजी सुधारणार’ हे स्मार्ट गोल नाही. ‘३१ मार्चपर्यंत आठवड्याचा अहवाल कोणाची मदत न घेता इंग्रजीत लिहिणार’ हे आहे.

‘स्मार्ट’ नावाच्या चिमुकल्या मोटारीचंही असंच. स्वॉच, मर्सिडीज आणि आर्ट यांची मोडतोड करून ते नाव बनलं आहे.

१७. आजोबा म्हणतात, त्यांचे साहेब ‘लुक स्मार्ट!’ असं ओरडायचे. कपड्यांवर ओरडायचे का?

नाही, घाई करायला सांगायचे. ‘लुक स्मार्ट’ म्हणजे ‘आटपा, हात चालवा’ हा जुना ब्रिटिश वापर आहे, आता फारसा ऐकू येत नाही. प्रश्न २ मधला झटक्याचा अर्थ तो. ‘अ स्मार्ट पेस’ म्हणजे झपझप चाल आणि ‘अ स्मार्ट स्लॅप’ म्हणजे सणसणीत चपराक, ही त्याचीच भावंडं. आमच्या शाळेतल्या बाई बोटांवर पट्टी मारायच्या ती इंग्रजीत ‘अ स्मार्ट रॅप ऑन द नकल्स’. दुखणं, वेग आणि अक्कल यायची आशा, तिन्ही अर्थ एकाच फटक्यात.

१८. उच्चार ‘स्मार्ट’ की ‘स्माट’?

दोन्ही. ब्रिटिश उच्चारात ‘र’ गळतो आणि ‘आ’ लांबतो, अमेरिकन उच्चारात ‘र’ जीभ वळवून स्पष्ट येतो. आपण मराठी माणसं रफार ठणकावून म्हणतो. ते सगळ्यांना कळतं, लाजायचं कारण नाही. फक्त सुरुवातीला ‘इ’ येऊ देऊ नका.

१९. मराठी बोलताना ‘स्मार्ट’ म्हणावं का? मुलगी रागावते, ‘आई, मराठीत बोल’ म्हणून.

मुलगी गोड आहे. तरी ‘स्मार्ट’ आता मराठीत स्थायिक झालेला शब्द आहे. स्मार्ट मुलगा, स्मार्ट मुलगी, स्मार्ट पोरं. ‘सुंदर’सारखा तो लिंग-वचनाने बदलत नाही. ‘स्मार्टपणा करू नकोस’ यात तर त्याला मराठी प्रत्ययही लागला, म्हणजे रेशनकार्डावर नाव चढलं.

माझी तक्रार वेगळी आहे. हा एक शब्द आला आणि टापटीप, तरतरीत, तल्लख, चटपटीत, रुबाबदार, हजरजबाबी असे सहा शब्द घरी बसले. प्रत्येकाचं काम वेगळं होतं. ‘तरतरीत’मध्ये झोप झालेली दिसते, ‘रुबाबदार’मध्ये मिशी दिसते. ‘स्मार्ट’मध्ये यातलं काहीच दिसत नाही. म्हणून वर्गात मी एक खेळ घेते: ‘स्मार्ट’ म्हणायची बंदी, त्या जागी मराठी शब्द शोधा. इंग्रजीच्या वर्गात मराठीचा खेळ कशाला, असं नवे विद्यार्थी विचारतात. आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते मराठीत सापडलं की इंग्रजी शब्द निवडणं दोन मिनिटांचं काम असतं.

२०. मुलाच्या शाळेतून इंग्रजीत निरोप आला आहे: ‘युवर सन हॅज अ स्मार्ट माउथ.’ आम्ही खूश आहोत, पण खात्री करून घ्यावी म्हटलं.

बरं झालं विचारलंत. ‘स्मार्ट माउथ’ म्हणजे उलट उत्तरं देणारं तोंड. ‘डोन्ट गेट स्मार्ट विथ मी’ म्हणजे ‘माझ्याशी आगाऊपणा करू नकोस’, त्यातलाच हा ‘स्मार्ट’. बाईंना भेटायला जाताना पेढे नेऊ नका.